दूध तोडायचे दिवस

“आज तिनं तुहं नावबी नाई घेतलं,” आई फोनवर म्हणाल्या, आणि साकोलीच्या कॉलेजच्या व्हरांड्यात, डब्याचं झाकण एका हातात धरून, मी तशीच उभी राहिले. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सत्यभामाबाई. ‘ती’ म्हणजे रेणू, माझी मुलगी, दीड वर्षाची होऊन गेली तरी अंगावर पिणारी. मधल्या सुट्टीत मी रोज घरी फोन लावते, आणि रोज आईंच्या आवाजामागे रेणूचं रडणं असतं, कधी अगदी जवळून, कधी मागच्या परसातून, सांदवाडीतून, शेजारच्या जनाबाईंच्या कडेवरून. त्या रडण्याची मला इतकी सवय झाली होती की फोन कानाला लावायच्या आधीच माझे खांदे वर उचलले जायचे. आज मागे काहीच नव्हतं. एक कोंबडा ओरडला, कुठंतरी भांडं वाजलं, बस. “दुधाची याद नाई, काई नाई. भात खाल्ला, खेळली, आता निजते. तू काहून घाबरून राहिली? शिक आपली पोटभर.” आणि फोन बंद. आई फोन ठेवतात तो कुणाच्या तोंडावर दार लावल्यासारखा. त्यात राग नसतो. त्यांचं बोलणं संपलं की संपलं. मी डब्यातल्या पोळीकडे पाहिलं. ती मीच सकाळी लाटलेली होती, पण दुसऱ्या कुणाच्या घरची वाटली. तृप्ती बाजूला उभी होती, माझ्याहून लहान, लग्न न झालेली, वर्गातली माझी एकुलती मैत्रीण. तिनं विचारलं, “काय झालं ताई? रडून राहिली का आजबी?” मी म्हटलं, नाही, आज रडली नाही. “मग?” तृप्ती म्हणाली. खरंच, मग?

हेच तर हवं होतं. सोमवारपासून पेपर. बी.ए.चं शेवटचं सत्र, आणि राज्यशास्त्राचे पेपर नेमके भर दुपारचे. घरून निघायचं ते ऊन चढायच्या आधी आणि परतायचं ते ऊन कललं की, तेसुद्धा लाखांदूरकडे जाणारी बस वेळेवर मिळाली तर. तेवढा वेळ रेणूनं माझ्याविना राहायला हवं होतं, आणि ती राहत नव्हती. बाटली तिनं भिंतीवर फेकली होती. वाटीतलं दूध पायानं उलटवून त्यात बसली होती. वर्गाचं कसंही निभतं, मध्येच उठून येता येतं, एखादा दिवस बुडवता येतो, पण पेपर बुडवता येत नाही. आणि एकदा मी हे सोडलेलं होतं. रेणू पोटात असताना पाय इतके सुजले की बसची पायरी चढवेना, तेव्हा मीच म्हटलं होतं की पेपर काय, पुढच्या वर्षी देता येतात. ते पुढचं वर्ष यायला मध्ये किती दिवस गेले ते मला विचारू नका. आता सुटलं तर जुना अभ्यासक्रम संपतो, पुन्हा पहिल्यापासून, असं ऑफिसातल्या बाईंनी खिडकीतून मान न वर करता सांगितलं होतं. पुन्हा पहिल्यापासून कोण करतं? मी ओळखते अशी एकही बाई नाही. म्हणजे रेणूनं दूध सोडलं तर माझी पदवी, नाही तर नाही, इतकं ते उघडं होतं. आणि आज तिनं सोडलं होतं. माझं नावसुद्धा न घेता.

सुट्टीनंतर लांजेवार सरांचा उजळणीचा तास होता. अर्धे बाक रिकामे, कूलरमधलं पाणी संपलेलं, त्यातून नुसती गरम हवा आणि वाळ्याचा जुना वास. सर आमच्या तीन विचारवंतांना ‘करारवाले’ म्हणतात, पहिला करारवाला, दुसरा करारवाला, तिसरा करारवाला, म्हणजे पोरांच्या लक्षात राहतात. माणसं आधी कुणाच्याच राज्यात नव्हती, मग त्यांनी आपसात करार केला आणि राज्य झालं, असं तिघांचंही म्हणणं, फक्त प्रत्येकाचा करार वेगळा. “राज्याची आज्ञा आपण काहून पाळायची?” सर झोप उडवायला मुद्दाम गावचं बोलतात. “तुम्ही संमती दिली म्हणून. मंग सांगा, संमती कवा दिली तुम्ही?” मागच्या बाकावरून विक्की म्हणाला, “आधार कार्ड काढलं तवा, सर. बोटाचे ठसे घेतले नं.” वर्ग हसला, सरही हसले. विक्की पोलीस भरतीची तयारी करतो आणि राज्यशास्त्र सोपं म्हणून घेतलंय असं सगळ्यांना सांगतो. “ठसा मंजे संमती नाई रे बाबा. पण दुसरा करारवाला काय म्हणतो? ज्यानं राज्याच्या रस्त्यावर पाय ठेवला, त्यानं तोंडातून शब्द न काढता हो म्हटलं. याला मूक संमती म्हणतात. लिहा.” सगळ्यांनी लिहिलं. माझं पेन थांबलं. मला त्या शब्दाचा एकदम राग आला, एखाद्या माणसाचा यावा तसा. मी हात वर केला. “सर, ज्याला दुसरीकडे जायला जागाच नाही, तो राहिला, गप्प बसला, म्हणजे त्यानं हो म्हटलं असं कसं?” सर खडू हातात घेऊन माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “हे असंच्या असं पेपरात लिहा, भावनाताई. आन निकाल लागला की एम.ए.चं पाहा. आता सोडू नका.” वर्गात मला एकटीलाच ते ताई म्हणतात. मी खाली बसले. कान तापले होते. त्यांना वाटलं मी राज्याबद्दल विचारलं.

मी विचारलं होतं ते रेणूबद्दल. रडत नाही म्हणजे तिनं मान्य केलं का? की रडून काही होत नाही, हे तिला कळलं? दीड वर्षाच्या जिवाला हे कळतं का, आणि कळत असेल तर ते कळलेलं कुठं जातं, अंगात कुठं जाऊन बसतं? दूध तोडायचं ठरलं तेव्हा मी आईंना म्हटलं होतं की मी तिला फसवणार नाही, समजावीन. रोज संध्याकाळी तिला समोर बसवून, तिचे दोन्ही हात धरून मी सांगायची, रेणू, आई कॉलेजला जाणार, दुधू संध्याकाळी, चालेल? रेणू मान डोलवायची. मला इतका आनंद व्हायचा. चुलीपाशी आई फिसकन हसायच्या. “थे तं कुत्र्यालेबी हो मन्ते. पंख्यालेबी हो मन्ते. तू तिचं मत घेऊन राहिली का?” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी चप्पल घातली की तीच मान डोलावणारी मुलगी जमिनीवर लोळण घ्यायची, डोकं मागे टाकून, श्वास कोंडून, ओठ निळसर होईपर्यंत, आणि मी एक पाय चपलेत, एक पाय बाहेर अशी उभी. शेवटी आईंनी कडुनिंबाचा पाला वाटला. “आमी सगळ्यायनं असंच तोडलं. एक डाव तोंड कडू झालं का झालं.” हिरवा ओला लगदा, थंड, त्याचा वास नाकात चढणारा. मी भिंतीकडे तोंड करून लावला आणि रेणूला जवळ घेतलं. तिनं तोंड लावलं, मागे झाली, आणि पाहिलं. तिनं छातीकडे पाहिलं असतं तर मला चाललं असतं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय शोधत होती कोण जाणे, बराच वेळ शोधत होती. मग पुन्हा वाकली आणि प्यायली, कडू-कडू, तोंड वाकडं करत, अंगावर शहारे येत, घोटाघोटाला थांबत, पण प्यायली. मला ते सोसवलं नाही. मी उठून मोरीत जाऊन साबणानं धुतलं, आईंच्या देखत, आणि म्हटलं की पुन्हा हे करायचं नाही. आई पाला फेकायला गेल्या. दारातून म्हणाल्या, “तुह्या नवऱ्याचं तोडलं तवा थो कितीक दिवस माह्या तोंडाकडे पाहे नाई. पाठ करून निजे.” आणि हसल्या. तेव्हा मी ते हसणं ऐकलं, बाकी काही ऐकलं नाही.

सर काहीतरी सांगत होते, फळ्यावर ‘सत्ता’ आणि ‘अधिसत्ता’ असे दोन शब्द, मध्ये उभी रेघ. हे शब्द मला आवडतात. खोटं कशाला सांगू, मीही राज्यशास्त्र काही निवडून घेतलं नव्हतं. बारावीनंतर गावाहून जाऊन-येऊन करण्यासारखं एवढंच होतं. माझं लग्न ठरताना अश्वजितचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे काका, पुंडलिकराव, चहाची बशी फुंकत म्हणाले होते, “राज्यशास्त्र? मंग पोरगी नेता होते का आमच्या घरी येऊन?” आणि सगळी बैठक हसली होती, मीसुद्धा, खाली बघून. पण त्या विषयानं मला शब्द दिले. त्याआधी मला फक्त वाटायचं. घरात कुणी काही ठरवलं आणि छातीत दुखलं तर ते नुसतं दुखणं असायचं. नंतर त्याला नाव आलं, संमती, वैधता, प्रतिनिधित्व. नाव आलं म्हणून दुखणं कमी झालं नाही, पण ते मला दिसायला लागलं, अंधारात मांजराचे डोळे दिसतात तसं. आणि भीतीही त्यातूनच आली. पहिला करारवाला म्हणतो की राज्य नव्हतं तेव्हा मूल आईच्या सत्तेत असे, बापाच्या नाही. का, तर तिनं ते टाकलं असतं तरी तिला कुणी विचारणारं नव्हतं, पण तिनं पाजलं. आणि तिनं टाकलेलं दुसऱ्या कुणी उचलून पाजलं, तर सत्ता त्याची. सरांनी हे जाता जाता सांगितलं होतं, परीक्षेत येत नाही म्हणून. मी मात्र ते घरी नेलं. रेणूच्या पाळण्याखाली, दुधाच्या वासात, ते माझ्याबरोबर राहिलं. माझं घर म्हणजे तशीच राज्य नसलेली जागा आहे. छपराच्या कवेलूंच्या फटीतून विंचू पडतो, पाण्याचा रांजण उघडा राहतो, शेंगदाणा श्वासात अडकतो, चूल तापलेली असते. मी वर्गात बसून हे सगळं रोज पाहून घेते, खोलीखोलीतून, दिवसातून कितीदा तरी. आज पाहायला गेले आणि तिथं माझी गरज नव्हती.

पुढचा तास इंग्रजीचा होता. मी तृप्तीला म्हटलं, जाते मी. “पेपर सोमवारी हाय ताई, आज महत्त्वाचे प्रश्न सांगणार आहेत,” ती म्हणाली. मी म्हटलं, तू लिहून घे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं हिला कळलं, पण तिला काय कळणार, मलाच कळलं नव्हतं. बस स्टँडवर जांभळाच्या सावलीत उभी राहून मी अश्वजितला फोन लावला. तो आठवडाभर जवाहरनगरला असतो, फॅक्टरीत नोकरीला, शनिवारी येतो. मी सगळं सांगितलं, म्हणजे एवढंच सांगितलं की आज रेणू रडली नाही. “मंग चांगलंच झालं नं,” तो म्हणाला. “तुले जे पाह्यजे होतं थेच झालं नं, भावना?” मी म्हटलं, हो. “मंग?” तोही तृप्तीसारखंच म्हणाला. मी म्हटलं, “मी पेपर नाही देत.” पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली, भांड्यांचा आवाज आला, जेवणाची सुट्टी संपत होती. “का बोलून राहिली तू?” तो म्हणाला. मग हळू, “घरी जा. पानी पे. मंग लाव फोन.” तो चांगला आहे. मी रडले तर तो पाणी आणतो. पण न रडण्याबद्दल कुणाला काय सांगावं?

बस आली. खिडकीचं लोखंड हाताला चटका देत होतं. शेजारी एक बाई येऊन बसली, मांडीवर तान्हं, नाक सोललेलं, डोक्यावर कुंची. साकोली सुटली आणि ते रडायला लागलं, ते अगदी नव्या जिवांचं रडणं, खरखरीत, लाकूड चिरल्यासारखं, आणि माझ्या अंगात खांद्यापासून खाली मुंग्या धावल्या आणि कळ आली. मी ओढणी पुढे ओढून दोन्ही हात घट्ट बांधले. उपयोग झाला नाही. कुर्त्यावर ओल पसरली, कोमट, मग बसच्या वाऱ्यानं थंडगार. माझं अंग माझं ऐकत नव्हतं. त्याला कुणीही रडलं की रेणूच वाटत होती. बाईनं तिरकं पाहिलं. “तुमचंबी लहान हाये का घरी?” “हो.” “मंग त्याले सोडून कोठी गेल्ते उन्हाचं?” “कॉलेजले.” “मास्तरीन हाये का?” “नाही, शिकतो.” ती हसली, कुंची सारखी करत म्हणाली, “सांडवून राहिले तं याले पाजून द्या. माहं तं पुरतच नाई या राकसाले.” चेष्टाच होती. मी पण हसले. पण एक क्षण असा होता की मी हात पुढे करणार होते. मग तिनं पदर घेतला, मूल गप्प झालं, आणि मी बाहेर पाहू लागले. उन्हाळी धानाचे हिरवे तुकडे, मध्ये करपलेली रानं, एका बोडीच्या आटलेल्या पाण्यात म्हशींच्या पाठी. मला माझ्या आईचा विचार आला. माझं दूध तिनं कसं तोडलं असेल? पाला लावून, की मामाकडे पाठवून? मी तिला कधी विचारलं नाही, आणि मला काहीच आठवत नाही. कुणालाच आठवत नाही. प्रत्येकाचा पहिला करार असा मोडलेला असतो, रडून-ओरडून, भिंतीकडे तोंड करून, आणि मग माणूस मोठं होतं, हसतं, मत द्यायला रांगेत उभं राहतं, आणि त्याला काही माहीत नसतं. रेणूलाही आठवणार नाही. हे बरं की वाईट? ती मला विसरायला शिकत होती आणि ते विसरणंही विसरून जाणार होती, मग साक्षीदार म्हणून उरणार मी एकटी. नाही, नको ही पदवी, मी ठरवलं. बसमध्ये, त्या बाईच्या शेजारी, ओल्या कुर्त्यावर ओढणी धरून, मी अगदी शांतपणे ठरवलं. आज घरी जाऊन तिला घेईन, आणि सोमवारी कुठं जाणार नाही. पेपर काय, पुढच्या वर्षी देता येतात. वाक्य तयारच होतं, घासूनपुसून ठेवलेलं.

गावात शिरले तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ही दुपार आमच्याकडे दारं लावून घ्यायची असते. या हंगामात पहाटेच बाया मोहफुलं वेचायला जंगलाकडे निघतात आणि दुपारी अंगणात फुलं वाळत घालून आडव्या होतात. सगळ्या गावाला तो गोड, आंबूस वास असतो. आमच्या अंगणात या वर्षी फुलं नाहीत. जनाबाई रोज पहाटे कुंपणापलीकडून हाक मारतात, “चालतेस का वं सत्यभामा?” आणि आई आतून म्हणतात, “नाई बाई. माह्या घरी मोहफूल खेळून राहिलं.” आमच्याकडे पाऊणएक गावाचा उन्हाळा त्या वेचणीवर जातो, गप्पा, भांडणं, कुणाची सून कशी, सगळं तिथंच. आई ते सोडून घरात बसल्या होत्या, आणि वर मला टोमणे, “राज्य शिक तू. घरचं राज्य मी पायतो.” मी ते टोमणे मोजत होते आणि त्यांचं घरात बसणं धरत नव्हते. पण हे त्या वेळी माझ्या मनात आलं नाही. त्या वेळी माझ्या मनात एवढंच होतं की रेणू निजली असेल तर तिच्या शेजारी जाऊन पडायचं, तिचं तोंड आपण होऊन लावायचं, उठायच्या आधी, तिला विचारायच्या आधी. म्हणून मी घराला वळसा घालून सांदवाडीतून मागच्या दारानं आत गेले, चपला हातात घेऊन.

उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसेना. आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखते, जिभेचा, लयीत, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा. मला वाटलं माझ्याच कानात वाजतो आहे. मग चटई दिसली, आणि चटईवर कुशीवर निजलेल्या आई, आणि त्यांना बिलगलेली रेणू. आईंच्या पोलक्याची हुकं उघडी होती. रेणूची मूठ पोलक्याच्या काठाला घट्ट, पायाचा अंगठा आईंच्या पोटात रुतलेला, ती माझ्या पोटात रुतवते तसाच. ती ओढत होती. आईंचं अंग सुकून किती वर्षं झाली. वाळलेलं, लोंबलेलं, त्यात काय असणार? मला पहिला आला तो राग, मी तो लपवणार नाही. माझं आहे ते, दुसऱ्याच्या हातात कसं? मी एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा. मग आईंचं तोंड दिसलं. त्यांनी पदराचा बोळा दातांत धरला होता. रेणूला वर-खाली दात आहेत, झोप लागताना ती जबडा आवळते, मला माहीत आहे, मी त्या वेळी तिच्या नाकाला बोट लावून सोडवून घेते. आई सोडवून घेत नव्हत्या. त्यांची पायाची बोटं आखडून आत वळलेली होती आणि डोळे वर, कवेलूंकडे. एकदा त्यांनी तोंडातला पदर सोडला आणि रेणूच्या डोक्यावर हात फिरवत पुटपुटल्या, “काई नाई रे माय त्यात. सुकलं कवाचं. ओढ, ओढ तू. येतेच तुही माय. शिकून राहिली थे. निज.” आणि पुन्हा पदर दातांत.

फोनमागची ती शांतता आता माझ्यासमोर चटईवर पडलेली होती, तिला रंग होता, वास होता. रेणू काही विसरली नव्हती. तिनं नाव घेतलं असणार, सकाळपासून घेतलं असणार, आणि आईंनी ते नाव माझ्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं. हे आजचंच होतं की रोजचं? मी जाऊन त्यांच्या पायाशी बसावं असं वाटलं, आणि त्याच क्षणी कळलं की ते करायचं नाही. आईंनी मान वळवली आणि मला पाहिलं तर काय होईल, ते मला इतकं लख्ख दिसलं. त्या झटकन पदर घेतील, रेणूला बाजूला करतील, आणि त्यानंतर तिला असं जवळ घेणार नाहीत, सोमवारी नाही, पुढे कधीच नाही. चारचौघांत सुनेला फाडून बोलणारी ही बाई या एका गोष्टीनं मरून जाईल. मी श्वास धरून मागे सरले, एक पाऊल, मग दुसरं, भिंतीला हात लावत. बाहेर येऊन उन्हात चपला घातल्या. घराला पुन्हा वळसा घालून अंगणात आले आणि तारेच्या कुंपणाला लावलेलं पत्र्याचं फाटक असं जोरात ढकललं की समोरचं कुत्रं उठून भुंकायला लागलं. “हाड!” मी ओरडले, जरुरीपेक्षा मोठ्यानं. “काय ऊन हाय बाई! आई, आलो मी!” आणि तिथंच थांबून नळाखाली पाय धुतले, सावकाश, एक, मग दुसरा, मग परत पहिला.

आत घाईघाईची हालचाल झाली, बांगड्या वाजल्या, रेणू किरकिरली. मग आई दारात आल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटलेला. “आली का? आज लवकर कशी वं?”

“सरांनी लवकर सोडलं.”

“बरं झालं. पोट्टी सुखानं निजली होती. मन्लं नं तुले, नावबी नाई घेतलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रोखून, पहारेकऱ्यासारखं. मीही त्यांच्याकडे पाहिलं. पोलक्याचं वरचं हुक चुकीच्या काजात गेलं होतं. मी नजर त्यांच्या तोंडावर ठेवली, तिथून हलू दिली नाही. बसमध्ये घासूनपुसून तयार केलेलं वाक्य जिभेवर शोधलं तर सापडेना. “हो,” मी म्हटलं. “लयच शहाणी झाली ती. मंग सोमवारी मी पेपरले जातो, आई.”

“जाशील नाई तं का!” त्या एकदम चिडून म्हणाल्या. “मंग का घरी बसून माशा मारशील?” आणि आवाज फाटला तसा खाकरून त्या रांजणाकडे वळल्या.

रेणू झोपेनं लाल झालेली, केस कपाळाला चिकटलेले, दारातून तिरकी-तिरकी धावत आली आणि माझ्या गुडघ्यांवर येऊन आदळली. मी उंबऱ्यावरच बसले. तिनं ओढणी ओढली, कुर्त्याची ओल हातानं चाचपली आणि रडण्यासाठी तोंड उघडलं, पण तेवढा वेळ मी दिला नाही. दूध इतकं जोरात उतरलं की तिला ठसका लागला. ती थांबली, हसली, पुन्हा लागली. आई पाणी घेऊन आल्या, पेला माझ्या हातात दिला, आणि आमच्याकडे पाठ करून जरा अंतरावर बसल्या. एक हात पदराआड छातीवर धरलेला होता. कुत्रं गप्प झालं. जनाबाईंच्या अंगणातून मोहाचा वास येत होता.

“सोमवारी पेपर केवढ्यानं सुटते?” त्यांनी न वळताच विचारलं.

“उशीर होईल, आई. मंग बसबी भेटली पाह्यजे.”

“होऊ दे,” आई म्हणाल्या.